पाळण्यावरचा डोळा

कोलकात्याच्या लेक टाऊन भागातील एका घरात जुलै २०१४ मध्ये घडलेली घटना अनेकांच्या स्मरणात असेल. साडेतीन वर्षांच्या मुलाला शिकवण्यासाठी घरी येणाऱ्या शिक्षिकेने बंद खोलीत त्या कोवळ्या जिवाला अमानुष मारहाण केली. खोलीतील कॅमेऱ्याने टिपलेली ती दृश्ये दूरचित्रवाणीवरून देशभर पाहिली गेली आणि पुढे शिक्षिकेला अटक झाली. कॅमेरा नसता, तर एवढ्या लहान मुलाची तक्रार कोणी कितपत खरी मानली असती, हा प्रश्न त्या वेळी अनेक मातापित्यांना अस्वस्थ करून गेला.

पती-पत्नी दोघेही नोकरीला, आजी-आजोबा दुसऱ्या गावी आणि तान्हे बाळ आयाच्या हाती, हे चित्र आज कोलकात्यात दिसते तसेच पुण्या-मुंबईतही दिसते. घरातील इंटरनेटला जोडलेला छोटा कॅमेरा पाळण्याकडे वळवला, की कार्यालयात बसलेल्या आईला भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बाळ दिसते. तिच्या या काळजीला संशयीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु या साधनाकडून नेमकी किती अपेक्षा ठेवायची, याचा विचार मात्र व्हायला हवा.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाणही कॅमेऱ्यातच नोंदली गेली होती. म्हणजे कॅमेरा तेथे होता, तरीही मारहाण टळली नाही. कॅमेरा साक्ष देतो, राखण करीत नाही. बँकेच्या तिजोरीच्या खोलीवरही कॅमेऱ्याची नजर असते. म्हणून कोणतीही बँक तिजोरीच्या दोन किल्ल्या एकाच्या हाती सोपवीत नाही. दोन जबाबदार व्यक्तींचा संयुक्त ताबा हीच खरी सुरक्षितता, कॅमेरा हा केवळ तिचा पूरक. पाळण्याच्या बाबतीतही हेच खरे. आयाची नीट चौकशी करणे, आरंभीचे काही दिवस तिच्यासोबत घरी राहणे, शेजारच्या काकूंनी अधूनमधून डोकावणे आणि संध्याकाळी बाळाचे अंग व वागणे निरखणे, यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. ज्या वाटेने आईला बाळ दिसते, त्याच वाटेने परक्यालाही ते दिसू शकते. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका संकेतस्थळावर जगभरातील हजारो कॅमेऱ्यांची थेट चित्रे उघड झाल्याचे आढळले. त्यांत बाळांच्या खोल्याही होत्या. त्यासाठी कोणी मोठी करामत केली नव्हती. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड मालकांनी बदललाच नव्हता, एवढेच कारण त्याला पुरले. अशा ठरावीक, सहज ओळखता येणाऱ्या पासवर्डवर ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी घातली. भारत सरकारनेही त्याच वर्षी कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेचे निकष अधिसूचित केले. तथापि घराची कडी शेवटी घरच्यांनीच लावायची असते. एटीएमचा पिन गुप्त राखणारा ग्राहक कॅमेऱ्याचा पासवर्ड मात्र डब्यातून आला तसाच ठेवतो, ही विसंगती दूर व्हावी. पासवर्ड त्वरित बदलावा, तो अन्यत्र वापरू नये, उत्पादकाकडून येणाऱ्या सुधारणा वेळेवर कराव्यात आणि बाळाच्या स्नानाच्या व कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा कधीही नसावा.

तिसरी बाजू सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. कॅमेऱ्याच्या टप्प्यात बाळाबरोबर आणखी एक माणूस दिवसभर असते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केले. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, सहनिवासींच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तो वाद भावाभावांचा असला, तरी त्यातील विवेक आयालाही लागू व्हावा. कॅमेरा कोठे आहे, हे तिला पहिल्याच दिवशी सांगावे. लपवलेला कॅमेरा अपराध घडून गेल्यावर तो उघड करील. सांगून लावलेला कॅमेरा कदाचित तो घडूच देणार नाही आणि खोटा आळ आल्यास त्या बाईच्या बाजूनेही साक्ष देईल.

ठेवीदार बँकेत पैसा ठेवतो तो तेथील कॅमेरे मोजून नव्हे, माणसांवरील विश्वासाने. तो विश्वास आंधळा नसतो, नियम व तपासणी यांनी बांधलेला असतो. बाळ ही तर घराची सर्वांत मोलाची ठेव. तिच्यावर कॅमेऱ्याचा डोळा अवश्य असावा, पण तो डोळा लागला म्हणून घरातल्यांनी आपले डोळे मिटू नयेत.