मोती, मामा आणि मे महिना

मागच्या शनिवारी सकाळी सकाळी मामांचा फोन. मामा पारनेर तालुक्यात असतात. सात एकर जमीन, थोडं डाळिंब, थोडा कांदा आणि प्लास्टिकचा कागद घातलेलं एक शेततळं.

"काय रं, तू त्यो मोत्याचा व्हिडिओ पाठवला व्हता ना? ते करायचं म्हणतोय. दीड लाख लागत्यात."

माझी झोपच उडाली. व्हिडिओ मीच पाठवला होता. ऑफिसात बिल्ड चालू होतं, वेळ जात नव्हता. 'आयटीतली नोकरी सोडून मोत्यांच्या शेतीतून लाखो' असं काहीतरी शीर्षक होतं. पूर्ण न बघताच फॅमिली ग्रुपवर ढकलून दिला आणि विसरलो. आपण सगळेच करतो हे. आपल्याला असले व्हिडिओ सोमवारी सकाळच्या स्टेटस कॉलपर्यंत पुरतात. गावाकडचा माणूस मात्र ते बघून आपल्या शेततळ्याकडे बघायला लागतो.

मग काय, पापक्षालन म्हणून अख्खा वीकेंड वाचत बसलो.

तर मंडळी, मोत्यांची शेती खोटी नाही. भुवनेश्वरजवळ गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे, सिफा. तिने याचं तंत्र बसवलंय. नदी-तळ्यातला शिंपला घ्यायचा, दोन-तीन दिवस टाकीत ठेवायचा, मग हलकेच उघडून आत मणी किंवा दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा बारीक तुकडा बसवायचा. म्हणजे चक्क ऑपरेशन! त्यानंतर साधारण दहा दिवस देखभाल, रोज मेलेले शिंपले वेचून बाहेर काढायचे. जगलेले जाळीच्या पिशव्यांत घालून पाण्यात टांगायचे आणि बारा ते अठरा महिने थांबायचं.

इथेच मी थांबलो. बारा ते अठरा महिने म्हणजे मधे एक तरी उन्हाळा येणारच. मामांचं शेततळं आहे कशासाठी? पावसाळ्यात भरायचं आणि एप्रिल-मेमध्ये डाळिंबासाठी उपसायचं, यासाठी! २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तीही पिकाला ऐनवेळी पाणी मिळावं म्हणून. शिंपल्याला मात्र मे महिन्यातही तळ्यात पाणी लागणार. म्हणजे एकाच पाण्यावर दोन पिकं हक्क सांगणार, आणि त्यातलं एक मरणार. व्हिडिओतल्या तळ्यात पाणी कायम काठोकाठ होतं. तो कुठल्या महिन्यात काढला होता, हे कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरा प्रश्न विक्रीचा. त्यावरून मला देवगड आठवलं. गेल्या डिसेंबरात आम्ही मित्र तिकडे गेलो होतो, तेव्हा एका खाडीत बचत गटाच्या बायकांची कालवांची शेती पाहिली होती. हा खाऱ्या पाण्यातला शिंपला, खायचा. बांबूचे मांडव, त्यांना टांगलेले दोर, दोरांत ओवलेली जुनी शिंपलं आणि त्यांवर धरलेली कालवं. ओहोटी लागली की कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, दोर हलवून गाळ झटकायचा, तुटलेलं बांधायचं. कालवांच्या धारेने हात कापतात ते वेगळंच. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की कालवं दगावण्याची भीती, म्हणून सगळं गणित पावसाआधी संपवायचं. राज्य सरकारच्या कांदळवन योजनेत २०१७ पासून अशा गटांना कालवं पाळायला अनुदान आहे. पण अनुदान मिळालं म्हणून ओहोटी काही आपल्या सोयीने लागत नाही.

माझ्या मित्राने तिथे नको तो प्रश्न विचारलाच, "यात मोती मिळतो का हो?"

"मोती नाय गावत ह्यात," एक मावशी हसून म्हणाल्या. आणि मग कुठलं हॉटेल किती घेतं, बाजारात वाटा कितीला जातो, उरलेलं घरी कसं संपतं, सगळं घडाघडा सांगितलं. दोर पाण्यात सोडायच्या आधी गिऱ्हाईक ठरलेलं.

मामांना मोती कोण विकत घेणार हे कोणी सांगितलंय? ट्रेनिंग देणाऱ्यानेच. शिंपले त्याचेच, ट्रेनिंग त्याचं, मोती घेणारही तोच आणि भाव ठरवणारही तोच! हैदराबादच्या बाजारातसुद्धा गोड्या पाण्याचे स्वस्त मोती बहुतेक चीनमधून येतात. त्या भावाशी पारनेरच्या मोत्याने टक्कर द्यायची आहे. अशा धंद्यात मोती पिको न पिको, ट्रेनिंगची फी आधी पिकते.

माझं म्हणणं एवढंच. ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे आणि बाहेरचं गिऱ्हाईक आहे त्याने जरूर मोती पिकवावेत. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला हे स्वप्न विकणं चूक, आणि फुकट फॉरवर्ड करणंही चूक. आपल्याच नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) हिवरे बाजार आहे. तिथे आधी वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. शंभर किलोमीटरवर पुण्यात बसून आपण नेमकं उलटं शिकवतोय.

रविवारी रात्री मामांना फोन केला. आधी माफी मागितली, मग विचारलं, "मामा, मे महिन्यात पाणी डाळिंबाला देणार की शिंपल्याला?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डाळिंब जळंल की रं."

शेवटी असं ठरलंय की दीड लाख सध्या बँकेतच राहणार. मामांनी शेततळ्यात फुटा-फुटाच्या खुणा केलेला बांबू रोवलाय, आणि दर रविवारी मला त्याचा फोटो पाठवणार आहेत. मे अखेरीला किती खुणा पाण्याखाली राहतात ते बघू, मग बोलू.

असो. फॅमिली ग्रुपवरचा तो व्हिडिओ डिलीट करायला गेलो तर होत नाही म्हणे. फार दिवस झाले.