खोली क्रमांक २१४ कुठे गेली?



गेल्या खेपेला डेटाबेसच्या बॅकअपवर लिहिलं होतं. आज जरा वेगळा विषय. वाचायला रटाळ वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात पाणी आहे, पैसा आहे आणि थोडं राजकारणही आहे :-)

मी ज्या कॉलेजसाठी काम करतो (नाव नको) तिथे एका रविवारी सकाळी सायन्स बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा पाइप फुटला. सिक्युरिटीवाल्याने फोन केला, मेंटेनन्सची दोन माणसं धावत आली. आता पहिलं काम काय? व्हॉल्व्ह बंद करणे. व्हॉल्व्ह कुठे आहे? ड्रॉइंग काढलं. ड्रॉइंग म्हणतं, कॉरिडॉरमध्ये खोली क्र. २१४ च्या दाराशेजारी. माणसं वर गेली तर २१४ नावाची खोलीच नाही! २१२ आहे, २१६ आहे, मध्ये २१४-ए, बी आणि सी अशा तीन टीचभर केबिनी. आणि जिथे व्हॉल्व्ह दाखवलाय तिथे सरळसोट भिंत.

शेवटी कोणाला तरी आठवलं की आपले जुने प्लंबर तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले, त्यांना विचारू. फोन लावला. ते म्हणाले, "बी केबिनमध्ये फाइलचं कपाट आहे ना, त्याच्यामागे एक पत्र्याची झडप आहे, ती उघडा." दोन मिनिटांत पाणी बंद. पण तोवर चार तास गेले होते. खालच्या मजल्यावरची प्रयोगशाळा, त्यातली उपकरणं, छताच्या टाइल्स, सगळ्याचा लगदा.

सोमवारी मीटिंग. बॉसबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या सिस्टिममध्ये २१४ काय दाखवते?" मी लॅपटॉप उघडला. सिस्टिम म्हणत होती: खोली २१४, क्लासरूम, ६०० चौरस फूट, ४० विद्यार्थी. म्हणजे जी खोली नऊ वर्षांपूर्वी पाडून तीन ऑफिसं केली, ती आमच्या कागदोपत्री अजून जिवंत होती आणि तिच्यात दर आठवड्याला पोरं बसत होती!

आता थोडी पार्श्वभूमी. कॅलिफोर्नियाची सरकारी कम्युनिटी कॉलेजं म्हणजे एक अवाढव्य कारभार आहे. ७३ डिस्ट्रिक्ट आणि ११६ कॉलेजं. (त्यातलं कॅलब्राइट हे फक्त ऑनलाइन आहे. त्यांना ही डोकेदुखी नाही, सुखी आहेत बिचारे.) प्रत्येक कॉलेजने आपल्या प्रत्येक इमारतीतल्या प्रत्येक खोलीची नोंद ठेवायची आणि दर वर्षी ती राज्याला द्यायची. त्यासाठी 'फ्यूजन' नावाची वेबवरची प्रणाली आहे.

खोल्यांचं वर्गीकरण कसं करायचं याचं सबंध अमेरिकेसाठी एक मॅन्युअल आहे. १९७३, मग १९९२, मग २००६ अशा त्याच्या आवृत्त्या निघाल्या. कोड सोपे आहेत. १०० च्या घरात क्लासरूम, २०० मध्ये प्रयोगशाळा, ३०० मध्ये ऑफिसं, ४०० मध्ये अभ्यासिका आणि लायब्ररी, असं करत ९०० ला हॉस्टेल. साधी क्लासरूम म्हणजे ११०, साधं ऑफिस म्हणजे ३१०.

क्षेत्रफळाचं गणित आपल्या लोकांना लगेच कळेल, कारण आपल्यापैकी निम्म्यांनी पुण्यात नाहीतर ठाण्यात फ्लॅट बुक केलेला आहे. कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप यातला फरक आपण बिल्डरकडून भरपूर पैसे मोजून शिकलो! (२०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली, ते बरं झालं.) इथेही तसंच. इमारतीच्या बाहेरच्या भिंतींपर्यंत मोजलं की ग्रॉस. त्यातून भिंतींची जाडी, जिने, कॉरिडॉर, संडास, मशीन रूम वजा केलं की उरते ती प्रत्यक्ष वापरायला देता येईल अशी जागा. राज्य सरकारचा हिशोब या उरलेल्या जागेवर चालतो.

आणि हा हिशोब म्हणजेच पैसा. कसा ते सांगतो. राज्याच्या नियमात लेक्चरसाठी एका विद्यार्थ्यामागे १५ चौरस फूट धरतात. मोठ्या कॉलेजात खोली आठवड्याला ५३ तास वापरली जावी आणि त्या वेळात सरासरी ६६ टक्के जागा भरलेल्या असाव्यात असं गृहीत धरतात. ५३ चे ६६ टक्के म्हणजे जवळजवळ ३५ तास. आता आमची २१४ घ्या. ६०० भागिले १५ म्हणजे ४० बाकं. ४० गुणिले ३५ म्हणजे आठवड्याला १४०० विद्यार्थी-तास. ही झाली त्या खोलीची क्षमता. अशी सगळ्या खोल्यांची क्षमता एका बाजूला आणि प्रत्यक्ष विद्यार्थी किती तास वर्गात बसतात तो भार दुसऱ्या बाजूला. क्षमता भागिले भार. लेक्चर, प्रयोगशाळा, ऑफिस, लायब्ररी वगैरे प्रकारांसाठी हे गुणोत्तर वेगवेगळं काढतात. ज्या प्रकारात ते १०० टक्क्यांच्या वर गेलं, त्या प्रकारच्या नव्या जागेसाठी राज्याकडे पैसे मागणं कठीण. राज्य म्हणणार, तुमच्याकडे आहे की जागा, आधी ती वापरा.

पैसा लहान नाही. २०१६ च्या प्रपोझिशन ५१ मध्ये कम्युनिटी कॉलेजांसाठी २ अब्ज डॉलरचे रोखे मंजूर झाले, २०२४ च्या प्रपोझिशन २ मध्ये दीड अब्जाचे. पण मागणारे शंभरावर आणि प्रत्येकाला नवीन इमारत हवी.

तर आमचं कॉलेज क्लासरूमच्या नावाने कायम रडत होतं. पोरं कॉरिडॉरमध्ये बसून अभ्यास करतात, संध्याकाळच्या वर्गांना खोली मिळत नाही. आणि कागदावर मात्र आमच्याकडे क्लासरूमची चक्क रेलचेल! कारण २१४ सारखी भुतं. पाइप फुटल्यावर मी आणि एक सहकारी टेप आणि टॅबलेट घेऊन सायन्स बिल्डिंगची प्रत्येक खोली फिरलो. एकट्या त्या इमारतीत क्लासरूम म्हणून नोंदलेल्या चौदा खोल्या आता क्लासरूम नव्हत्या. एक सर्व्हर रूम होती (ती आमच्याच डिपार्टमेंटची, आता बोला!), दोन गोदामं होती, बाकी ऑफिसं.

इथे खरी गंमत सुरू झाली. म्हणजे गंमत आत्ता वाटते, तेव्हा घाम फुटला होता.

चौदा खोल्या क्लासरूममधून काढल्या की क्लासरूमचा आकडा खाली येतो, चांगलं. पण त्यातल्या बऱ्याच ऑफिसांत जातात, म्हणजे ऑफिसचा आकडा वर जातो. आणि आमचा दुसरा एक प्रस्ताव होता, प्राध्यापकांच्या ऑफिसांचा. तो आता अडचणीत येणार. मीटिंगमध्ये एक साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "क्लासरूममधून काढा, पण ऑफिसात टाकायची घाई कशाला? 'वापरात नाही' म्हणून ठेवा वर्षभर." कोणी काही बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बटण दाबणारा मी.

खरं सांगतो मंडळी, मला हे अनपेक्षित नव्हतं. आकडा फायद्याचा असेल तर लगेच भरायचा, तोट्याचा असेल तर 'बघू', हे आपण सगळीकडे पाहिलंय. आणि व्हिसावर असलेल्या माणसाने मीटिंगमध्ये साहेबाला 'नाही' म्हणणं किती सोपं असतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. मी एवढंच म्हणालो, "त्या केबिनींमध्ये माणसं बसतात. उद्या आग लागली तर फायर ब्रिगेडला आपण यादी कुठली देणार? या सिस्टिममधलीच ना? मग त्यात 'वापरात नाही' कसं लिहू?" आवाज थोडा कापत होता. बॉसबाई दोन सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, "जे आहे ते टाक." विषय संपला. ऑफिसांचा प्रस्ताव त्या वर्षी मागे पडला. त्या साहेबांनी पुढे सहा महिने माझ्याशी हवापाण्याखेरीज काही बोलणं केलं नाही. असो.

आता इंजिनीयर म्हणून विचार केला तर हे घडलं कसं? कोणी मुद्दाम केलं नव्हतं. एकाच खोलीची नोंद चार ठिकाणी होती. टाइमटेबलच्या सिस्टिममध्ये एक, कामाच्या तक्रारींच्या सिस्टिममध्ये दुसरी, राज्याच्या यादीत तिसरी आणि ड्रॉइंगमध्ये चौथी. चारही ठिकाणी ओळख म्हणजे दारावरचा नंबर. आणि दारावरचा नंबर बदलतो! ज्यांनी डेटाबेसचा पहिला धडा वाचलाय त्यांना कळेल, बदलणारी गोष्ट प्रायमरी की म्हणून वापरायची नसते. भिंत पडली तेव्हा टाइमटेबलवाल्यांनी २१४ बंद केली, तक्रारवाल्यांनी ए, बी, सी उघडल्या, राज्याच्या यादीला आणि ड्रॉइंगला कोणी हात लावला नाही.

आम्ही नंतर काय केलं ते थोडक्यात:

१. प्रत्येक खोलीला एक कायमचा निरर्थक नंबर. दारावरचा नंबर हा फक्त एक गुणधर्म, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असा.

२. खोली कधीही डिलीट करायची नाही. बंद झाल्याची तारीख टाकायची आणि तिच्यातून कुठल्या नव्या खोल्या झाल्या ते लिहायचं.

३. प्रत्येक माहितीचा एकच मालक. क्षेत्रफळ बदलणार फक्त फॅसिलिटीजवाले, बाकांची संख्या फक्त टाइमटेबलवाले. बाकीच्यांनी वाचायचं.

४. काम झाल्यानंतरचं खरं ड्रॉइंग आणि खोल्यांची नवी यादी हातात आल्याशिवाय कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता द्यायचा नाही.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. १० मार्च १९३३ ला लाँग बीचला भूकंप झाला, शाळांच्या अनेक इमारती कोसळल्या. संध्याकाळची वेळ होती म्हणून मुलं वाचली. त्याच वर्षी इथे फील्ड कायदा आला आणि सरकारी शाळांच्या बांधकामावर राज्याच्या वास्तुविशारद खात्याची नजर आली. त्या खात्याकडे गेलेल्या कामाचे शेवटचे कागद वेळेवर गेले नाहीत, तर इमारत कितीही मजबूत असो, ते काम अप्रमाणित म्हणून पडून राहतं. मग वीस वर्षांनी त्याच इमारतीत साधी दुरुस्ती काढा, आधी जुने कागद शोधा म्हणतात. तोवर कंत्राटदार गायब, इन्स्पेक्टर रिटायर.

हे सगळं करताना मला राहून राहून आपलं कॉलेज आठवत होतं. आपल्याकडच्या सरकारी कॉलेजात शिकलेल्यांना डेड स्टॉक रजिस्टर माहीत असेल. लाल कापडी बांधणीचं, भलंमोठं. प्रत्येक स्टुलावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर. आम्ही हसायचो त्याला. इमारत सार्वजनिक बांधकाम खात्याची, त्यामुळे गळक्या छताची नोंद कुठेच नाही आणि मोडक्या स्टुलाची मात्र तीन सह्यांनिशी. पण त्या पद्धतीत एक गोष्ट अशी होती जी मला या श्रीमंत देशात सापडली नाही: चार्ज देणे-घेणे. स्टोअरकीपर बदलून गेला की नवा माणूस रजिस्टर घेऊन त्याच्याबरोबर फिरायचा, एकेक वस्तू बघायचा, मग दोघांच्या सह्या. त्याशिवाय जुना माणूस सुटत नसे.

आमच्या प्लंबरसाहेबांना मात्र चाळीस वर्षांनंतर केक, कार्ड आणि टाळ्या देऊन निरोप दिला. त्यांच्या डोक्यात सगळ्या कॅम्पसचा नकाशा होता, तो त्यांच्याबरोबर घरी गेला. कोणी चार्ज घेतलाच नाही.

आम्ही त्यांना रीतसर मानधन देऊन परत बोलावलं. तीन सकाळी ते माझ्याबरोबर फिरले. गुडघे दुखत होते, दर जिन्याला थांबायचे. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी मी फोटो काढायचो, टॅग लावायचो, ते सांगायचे की हा कशाचा, शेवटचा कधी फिरवला, कुठल्या बाजूला फिरवायचा. शेवटच्या दिवशी मी यादी छापून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, आमच्या देशात अशी सही करायची पद्धत आहे. ते हसले, चष्मा लावून सगळी यादी वाचली, दोन चुका काढल्या आणि सही केली. खाली मी केली.

तो कागद मी स्कॅन करून सिस्टिममध्ये टाकलाय. मूळ प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे.

जाता जाता एक काम सांगतो. आपल्या घराचा पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातल्या किती जणांना ठाऊक आहे? आज रात्री जेवायच्या आधी बायको-मुलांना घेऊन बघून या. आणि पुढच्या रविवारी भारतात फोन कराल तेव्हा आईबाबांना विचारा की मीटरचे, जागेचे, सोसायटीचे कागद कुठल्या कपाटात आहेत. ते सांगतील. आपण अजून विचारलेलं नसतं, एवढंच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नोंदवहीवाला