या रविवारी मासे आणू नका

परीक्षा संपल्या. सुट्टी लागली. काचेची टाकी घरात येऊन बसली आहे आणि मुलं रोज विचारतायत, "बाबा, निमो कधी आणायचा?" तुमचाही बेत ठरलाय. रविवारी सकाळी कुर्ल्याला नाहीतर क्रॉफर्ड मार्केटला जायचं, दिसतील ते चार-सहा रंगीत मासे पिशव्यांत भरून आणायचे आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर टाकीत सोडायचे.

थांबा. हात जोडून सांगतो, या रविवारी मासे आणू नका. कोणते मासे आणायचे याची यादी करायला अजून वेळ आहे, आणि ती यादी फक्त तुम्हीच करू शकता.

खाऱ्या पाण्यातले मासे म्हणजे रंगीत गप्पी नव्हेत. प्रवाळाच्या खडकांत राहणारा बोटभर मासाही आपली जागा धरून असतो. कुणी जवळ आलं की अंगावर धावून जातो. समुद्रात हरलेला मासा चार हात लांब पळतो आणि वाचतो. तुमच्या तीन फुटी टाकीत त्याने पळायचं कुठे? तो कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपमागे लपतो. खायला बाहेर येत नाही. शेपटी कुरतडलेली दिसते. एका सकाळी तो पाण्यावर तरंगत असतो, नाहीतर उडी मारून फरशीवर वाळून पडलेला असतो. पहिल्यांदा तो कुणाला दिसतो? बहुतेक घरांत मुलांनाच, कारण टाकीकडे सगळ्यांत आधी धावतात तीच. बांध कोरून भांडणारे भाऊ निदान वेगवेगळ्या घरी झोपायला तरी जातात. या माशांना ती सोय नाही.

दुकानात मात्र सगळे गुण्यागोविंदाने राहताना दिसतात. फसू नका. तिथे एक तर प्रत्येकाला वेगळा खण असतो, नाहीतर इतकी गर्दी असते की कुणालाच जागा धरता येत नाही. खरा स्वभाव कळतो तो तुमच्या घरी, आठवड्याभराने. म्हणून पहिला मासा घेण्याआधी शेवटचा मासा कोणता ते ठरवा. घरच्यांना घेऊन बसा, वही काढा, नावं लिहा. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: मोठा होऊन केवढा होतो, काय खातो, कुणाशी भांडतो. तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत पाकीट उघडू नका.

ही वही काय वाचवते ते बघा. 'फाइंडिंग निमो' 2003 साली आला आणि घराघरांतल्या मुलांना निमोबरोबर डोरीही हवी झाली. डोरी म्हणजे ब्लू टँग. दुकानात तो दोन बोटांएवढा असतो, वाढून फूटभर होतो. समुद्रात दिवसभर पोहणारा हा मासा तीन फुटी टाकीत नुसता येरझाऱ्या घालतो आणि अंगावर पांढरे ठिपके उठवून घेतो. ती पांढऱ्या ठिपक्यांची साथ मग सगळ्या टाकीत पसरते. तिच्यावरचं तांब्याचं औषध टाकीत घातलं तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात. मुलांना समजावून सांगा, मुलं समजतात. डोरी आणू नका.

मँडरिन मासा बघून कुणाचंही भान हरपेल, इतका देखणा. पण तो खडकावरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव वेचून खातो. नव्या टाकीत ते नसतात आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत उपाशी मरतो. बटरफ्लाय माशांतले कित्येक प्रवाळाच्या जिवंत पॉलिपवरच जगतात. ट्रिगर आणि पफर कोळंबी, खेकडे, गोगलगायी फोडून खातात. डोमिनो डॅमसेल स्वस्त मिळतो, दणकट असतो, म्हणून दुकानदार तो आधी गळ्यात मारतो. त्यानंतर आणलेल्या प्रत्येक माशाला तो झोडपून काढतो. आणि लायनफिश? तोंडात मावेल तो मासा गिळतो. शिवाय त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असतं. टाकी धुताना काटा लागला तर हाताला असह्य कळा लागतात. ज्या घरात लहान मूल टाकीत हात घालू शकतं, त्या घरात लायनफिश नको म्हणजे नकोच.

मग आणायचं काय? घाबरू नका, उत्तर सोपं आहे आणि मुलांच्या मनासारखंही आहे. निमो आणा! ऑसेलारिस जातीचा क्लाउनफिश नवशिक्याला अगदी योग्य. फक्त दोनच घ्या, दोन्ही लहान, एक थोडा मोठा, एक थोडा छोटा. यांच्यात मोठी ती मादी असते, आणि ती मेली तर नराचीच मादी होते. तीन-चार आणलेत तर बहुधा एक जोडी जमते आणि उरलेले मार खातात. त्यांना ॲनिमोन लागतं असं सिनेमा सांगतो, पण टाकीत त्याची गरज नाही. नव्या टाकीत ॲनिमोन मरतं आणि सगळं पाणी नासवतं.

जोडीला एक गोबी घ्या, वाळूतल्या बिळात राहणारा. त्याच्याबरोबर पिस्टल कोळंबी मिळाली तर सोन्याहून पिवळं. कोळंबी बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो, आणि मुलं टीव्ही विसरून बघत बसतात. एक फायरफिश घ्या. तो भित्रा असतो, उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळीचं झाकण हवंच. बंगाई कार्डिनल घ्यायचा तर पैदाशीतलाच मागा. हा मासा इंडोनेशियातल्या बंगाई बेटांजवळचा, आणि छंदापायी झालेल्या बेसुमार पकडीने मूळ ठिकाणीच धोक्यात आला आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत जेमतेम 190 लिटर पाणी मावतं. त्यात पाच-सहा लहान मासे पुष्कळ झाले. भित्रे आधी सोडा, दांडगे शेवटी. एकाच रंगाचे, एकाच ठेवणीचे दोन वेगळे मासे एकत्र ठेवू नका, ते एकमेकांना वैरी समजतात.

दुसरा धोका दुकानाच्याही मागे, समुद्रात आहे. समुद्री शोभेच्या माशांपैकी बहुतेक जाती आजही समुद्रातूनच पकडल्या जातात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत अनेक दशकं चालत आली. त्या फवाऱ्याने भोवतीचं प्रवाळ मरतं, आणि पिशवीत ठणठणीत दिसलेला मासा पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. तुम्ही म्हणता, माझ्याच हाताला यश नाही. हाताचा काही दोष नाही हो.

म्हणून दुकानदाराला विचारा. लाजू नका. "हा पैदाशीतला की समुद्रातला? किती दिवस झाले आणून? माझ्यासमोर खायला घाला बरं." खात नसेल तर घेऊ नका. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे होते. मंडपमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्राने ती करून दाखवली आहे, नवी मुंबईत ऐरोलीलाही तिची सोय उभी राहिली आहे. मागणारे वाढले तर आणणारेही वाढतील.

आणि प्रवाळ? भारतात असाल तर दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे यांचं नावही काढू नका. 2001 पासून त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विकणारा गुन्हेगार, आणि घरात ठेवणारे तुम्हीही. तुरुंगाची पाळी येते. "सगळेच ठेवतात" हे कोर्टात चालत नाही. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे खडक लावा, माशांना फरक पडत नाही. दुबई-न्यू जर्सीला राहणाऱ्या मंडळींना जोपासलेलं प्रवाळ रीतसर मिळतं. त्यांनी एवढं तरी करा: काही मऊ प्रवाळात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, ते घासू नका, गरम पाण्याने धुऊ नका, मुलांना हात लावू देऊ नका. 2018 साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या एका घरात असंच प्रवाळ हाताळताना अख्खं कुटुंब इस्पितळात पोचलं.

मन भरलं, टाकी नको झाली, तरी मासे खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. पुण्य लागत नाही. लायनफिश अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा नव्हे. 1985 साली तो फ्लोरिडाजवळ दिसला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतूनच सुटलेला. आज सगळ्या कॅरिबियन समुद्रात तो तिथल्या माशांची पिल्लं फस्त करतोय. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या, जाणत्या हौशी माणसाला द्या.

आता कामाला लागा. या रविवारी मीठ आणा, तपासणीचं किट आणा, आरओचं पाणी भरा, फिल्टर चालू करा. पाण्यात जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, तेवढे जाऊ द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दाखवेपर्यंत एकही मासा नको. उन्हाळ्यात पाणी 28 अंशांवर जात असेल तर चिलरची सोय आधी बघा. लोडशेडिंग असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या. खारं पाणी आणि वीज शेजारी आहेत, तेव्हा विजेची गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्या. हे टाळू नका.

आणि ज्यांनी मासे आधीच आणलेत, त्यांनी वाचणं इथेच थांबवून टाकीपाशी जा. कुणी कोपऱ्यात दबून बसलंय का? कुणाचे पर फाटलेत का? दिवे मालवा. खडकांची मांडणी बदला, म्हणजे दांडगटाची धरलेली जागा मोडते. भोकं असलेली प्लॅस्टिकची टोपली टाकीतच अडकवा आणि मारणाऱ्याला तिच्यात घाला. दुकानदाराला फोन करा, परत घेतोस का विचारा. उद्या सकाळी बघू म्हणू नका. आज रात्रीच करा.