लॅपटॉपही वाजवून घ्या!

मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. कापड चिमटीत धरून त्याचा पोत पाहतो. मग दुकानाच्या लॅपटॉपबाबतच दुसऱ्याच्या शब्दावर का विसंबावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा बंद केली. विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर बसत नाही. वाशीम, कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीर येथे ज्यांच्या गल्ल्याशेजारी असे यंत्र आहे, त्यांना लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. १९९१ मध्ये सुरू झालेली ही प्रणाली बहुतेक रूपांत मोफत मिळते. आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाने तिचे भारतीय रूप काढले आहे.

परंतु लिनक्स टाकल्यावर कधी पडदा काळा पडतो, कधी वायफाय दिसत नाही. लगेच निदान होते, “कार्ड जळाले, नवे टाका.” बंधूंनो, येथे खिशात हात घालण्यापूर्वी थांबा. काल विंडोजवर चित्र स्वच्छ दिसत होते, तर कार्ड एका रात्रीत जळण्यापेक्षा ड्रायव्हर नसण्याचाच संभव अधिक. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा भाग आणि प्रणाली यांच्यातला दुभाषी. दुभाषी गैरहजर असेल तर पाहुणा मुका ठरत नाही!

तपासणी अवघड नाही. सुरुवातीच्या यादीवर ‘ई’ कळ दाबावी, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इंग्रजीत ‘नोमोडसेट’ लिहावे आणि एफ-१० दाबावे. साधे चित्र उमटले तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-के’ जोडून द्यावी. प्रत्येक भागाचे नाव आणि त्याखाली वापरातला ड्रायव्हर दिसतो. वायफायच्या नावाखाली ड्रायव्हरची ओळच नसेल, तर रोग सापडला. वायफाय बंद असल्यास मोबाईल केबलने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे आणि ड्रायव्हर उतरवावा. २०२३ च्या डेबियन १२ पासून असे बरेचसे साहित्य मूळ प्रतीतच येते, म्हणून जुनी प्रत वापरू नये.

सर्वांत उत्तम म्हणजे काही पुसण्यापूर्वी लिनक्स पेन ड्राईव्हवरूनच चालवून पाहावे. पडदा, वायफाय, आवाज आणि प्रिंटर यांची परीक्षा तेथेच होते. हिशेबाची प्रत आधी वेगळी ठेवावी. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. ती लिनक्सवर सरळ बसत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आमचे मत स्पष्ट आहे. नवा भाग सुचवणाऱ्याने ही यादी ग्राहकाला दाखवावी आणि ग्राहकानेही ती मागावी. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अवश्य हाती घ्यावे. हाही एक हुन्नर आहे. तो शिकायला अर्धा दिवस पुरतो आणि न शिकल्याची किंमत मात्र गल्ल्यातून जाते.