माळावर कोणते झाड?

पावसाळा तोंडावर आला की राज्यात रोपांचे आकडे जाहीर होऊ लागतात. 2016 मध्ये 2 कोटी, पुढच्या वर्षी 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी अशी चढती उद्दिष्टे महाराष्ट्राने ठेवली होती. झाडे किती, यावर तेव्हाही पुष्कळ बोलले गेले आणि आजही बोलले जाते. झाडे कोणती, हे मात्र बहुतेक वेळा रोपवाटिकेत काय शिल्लक आहे त्यावर ठरते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर ही चूक काही अंशी पोटात घातली जाते. माण, खटाव, आटपाडी, जत, करमाळा, आष्टी या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत ती खपत नाही. तिथे वर्षाकाठी साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस, तोही लहरीने पडणारा. वीतभर मुरमाखाली काळा कातळ. अशा जमिनीत प्रजाती चुकली की खड्डा, खत, टँकर, कुंपण सगळे वाया जाते.

गेल्या काही दशकांत आपल्या कोरडवाहू डोंगरउतारांवर गिरिपुष्प, सुभाबूळ, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांचा भरणा झाला. त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. या झाडांचे बी सहज मिळते, रोपे झपाट्याने वाढतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत डोंगर हिरवा दिसू लागतो. गिरिपुष्पाला तर गुरेही सहसा तोंड लावत नाहीत. पण गुरे खात नाहीत म्हणून झाड जगले, हा हिशेब वनखात्याच्या सोयीचा असला तरी त्या डोंगराखाली शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या माणसाच्या सोयीचा नाही. त्याचे चराऊ रान गेले आणि बदल्यात त्याच्या जनावराला निरुपयोगी पाला मिळाला. मूळच्या मध्य अमेरिकेकडच्या या झाडाला आपल्याकडे ‘उंदीरमारी’ म्हणतात, त्यातच त्याच्या विषारीपणाची ओळख आहे. बांधावर हिरवळीच्या खतासाठी शेतकरी ते लावतो, ते योग्यच आहे. आमचा आक्षेप डोंगरच्या डोंगर त्याने भरण्याला आहे. सुभाबळीचे नाव जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे आणि एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात आणलेली वेडी बाभूळही तशीच आक्रमक आहे. वेडी बाभूळ एकदा ओढ्यात, तळ्याच्या पोटात शिरली की ती काढता काढता गावाचे कंबरडे मोडते.

याच भूमीने घडवलेली झाडे वेगळ्या रीतीने जगतात. खानदेशातला अंजन सुरुवातीची वर्षे वर फारसा दिसतच नाही. त्याचे सोटमूळ आधी कातळाच्या फटीतून खोल जाते आणि मगच शेंडा उंचावतो. सालई खडकाळ उतारावर तग धरते आणि तिच्या फांद्या लावूनही झाड उभे करता येते. चोपण जमिनीत आणि ओढ्याकाठी बाभूळ येते. हिवर, बोर, खैर, पळस, धावडा, सौंदड, हिंगणबेट यांची प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. हिवराच्या शेंगा उन्हाळ्यात शेळ्यांच्या पोटी लागतात, धावड्यापासून डिंक मिळतो, खैरापासून कात.

देशी झाडे सावकाश वाढतात आणि लवकर मरतात, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यातला सावकाशीचा भाग खरा आहे. मरण्याचे कारण मात्र बरेचदा पिशवीत असते. लहान पिशवीत गुंडाळले गेलेले सोटमूळ जमिनीत गेल्यावरही सरळ उतरत नाही, आणि ज्या गुणामुळे अंजन दुष्काळ काढतो तोच गुण रोपवाटिकेत मारला जातो. अशा प्रजातींचे बी पहिल्या पावसाआधी थेट जागेवर टोकणे अधिक शहाणपणाचे आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातून गेलेले बाभळीचे बी चांगले रुजते, हे मेंढपाळाला कुणी शिकवावे लागत नाही. जळणाची निकड आजची आहे, हा दुसरा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी गावालगत, ठरावीक क्षेत्रात लवकर वाढणारी झाडे लावावीत. मात्र त्या लागवडीला वन म्हणू नये.

याहून अवघड गोष्ट अशी, की काही जागी योग्य उत्तर झाड हे नसतेच. पवन्या, मारवेल, डोंगरी गवताचा माळ सरकारी नोंदीत ‘पडीक’ म्हणून लागतो आणि वनीकरणाला मोकळा होतो. माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालेल्या नान्नजचा पक्षी उघड्या गवताळ रानातच जगतो. लांडगा, काळवीट आणि धनगराचा वाडाही तिथलाच. हे माळ म्हणजे तुटलेल्या जंगलाचे उरलेले अवशेष, ही समजूतही टिकत नाही. तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले आणि लोकगीतांतले वनस्पतींचे उल्लेख अभ्यासकांनी तपासले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्राच्या या भागात तेव्हाही काटेरी झाडे आणि गवताचीच रानोमाळ वस्ती असल्याचे दिसले. कर्बसंचयासाठी माळावर दाट झाडी हवी, असे सांगणाऱ्यांनी गवताखालच्या मातीत मुरलेला कर्बही मोजला पाहिजे.

वनखात्याने तालुकावार, मातीच्या खोलीनुसार प्रजातींच्या याद्या कराव्यात, जिथे गवत राखायचे ते क्षेत्र वेगळे काढावे आणि या याद्या करताना मेंढपाळांना व गावच्या जाणत्यांना बरोबर घ्यावे. हे काम हिवाळ्यातच व्हायला हवे. अंजनाचे बी उन्हाळ्यात पिकते, बाभळीच्या शेंगा आणि पळसपापड्याही पावसापूर्वीच गळतात. यादी जूनमध्ये निघाली तर बी गोळा करायला झाडाखाली काही उरलेले नसेल, आणि खड्डे पुन्हा गिरिपुष्पानेच भरले जातील.