शब्दविचार : शिक्षा

शब्द एकच, पण सातपुडा ओलांडतांच त्याचा अर्थ कसा पालटतो, हें आम्हांस अमरावतीस अध्यापन करीत असतां कळलें. बैतूलकडील एक हिंदीभाषी मुलगा वर्गांत नवा आला होता. १९५६ पर्यंत वऱ्हाड व बैतूल एकाच प्रांतांत होते खरे, पण त्या मुलास मराठी बेताचेंच कळे. ‘पाठ न करणारास शिक्षा मिळेल,’ असें आम्हीं म्हणतांच तो हंसतमुखानें पुढें आला. आम्हांस तें औद्धत्य वाटलें, आणि आम्हीं त्यास दोन छड्या दिल्या. सायंकाळीं त्याचे वडील भेटले, तेव्हां उलगडा झाला. ‘शिक्षा घेऊन ये,’ असें सांगूनच त्यांनीं मुलास शाळेंत धाडलें होतें!

वाचकहो, मूळ अर्थ हिंदीनेंच राखला आहे. शक् धातूचें इच्छार्थक रूप तें शिक्ष्. म्हणजे समर्थ होऊं इच्छिणें. धातुपाठांत त्याचा अर्थ विद्या ग्रहण करणें असा आहे, आणि सहा वेदांगांतील ‘शिक्षा’ हें उच्चारशास्त्र आहे. आपलें ‘शिकणें’ हि त्याच धातूचें. बंगालींतहि शिक्षा म्हणजे विद्याच. मराठी, कानडी व तेलुगु यांत मात्र ती दंड झाली. विद्येसाठीं आपण ‘शिक्षण’ हा शब्द राखला. वळण लावणें म्हणजे मारणें, या जुन्या समजुतीचीच ही खूण दिसते.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलास जवळ बसवून तोच पाठ समजावून दिला. त्याची शिक्षा ती. त्या दोन छड्यांची शिक्षा आम्ही अद्याप भोगीत आहों.