अजिंठ्याच्या प्रवासाचें ओझें

येत्या शनिवारीं रात्रीच्या गाडीनें आमच्या घरांतील सात मंडळी जळगांवमार्गें अजिंठ्यास निघणार आहेत. सोमवारीं लेणीं बंद असतात, म्हणून रविवार साधला आहे. फराळाचे डबे एका दिवसांत ठरले. पुतण्याच्या मुलाचें छायाचित्रणाचें सामान मात्र आठ दिवस माजघरांत पसरलेलें आहे. कॅमेरा एक, भिंगें चार, फ्लॅश आणि तिपाई. "आजोबा, पुन्हा केव्हां जाणें होईल? सगळें जवळ असलेलें बरें," असें त्याचें म्हणणें. आम्ही बहुतेक सामान घरीं ठेवावयास सांगितलें व त्यावरून थोडी कुरबुर झाली.

लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे; प्रखर प्रकाशानें रंगांस इजा पोंचते. तिपाईस पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. शिवाय खाजगी मोटार फर्दापूरच्या फाट्यावर सोडून पुढें बसनें जावें लागतें, तेव्हां नको असलेली वस्तु गाडींत ठेवून येण्याची सोय नाहीं. जें घेतलें तें पायऱ्यांवरून दिवसभर वाहावयाचें.

राहतां राहिलीं भिंगें. दूरचें जवळ आणणाऱ्या लांब भिंगावर त्याचा फार जीव. त्याचा आंकडा ५.६. आणि 'साधें' म्हणून जें त्यानें बाजूस सारलें होतें, त्या ३५ मि.मी. भिंगाचा आंकडा १.८. हा आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें, आणि प्रकाश येतो तो छिद्राच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत. ५.६ ला १.८ नें भागून वर्ग करावा : नऊपटींहून अधिक प्रकाश! पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीसाठीं लांब भिंगाला अर्धा सेकंद लागत असेल, तर याला एक विसांश सेकंद पुरेल. अर्धा सेकंद हात निश्चल ठेवणें योग्यासच जमावें. हें गणित त्यानें पाटीवर नव्हे, मोबाइलवर केलें आणि गप्प बसला.

मेजर रॉबर्ट गिल यांस कंपनी सरकारनें १८४४ सालीं येथील चित्रांच्या नकला करण्यास नेमलें. वर्षानुवर्षें खपून केलेल्या त्या नकलांपैकीं बहुतेक १८६६ त लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत गेल्या. मध्यंतरीं त्यांनीं कॅमेरा हातीं घेतला होता; १८६४ च्या फर्ग्युसनकृत ग्रंथांत त्यांचीं ७४ छायाचित्रें आहेत.

आमचा स्वतःचा लोभ निराळा आहे. सोळाव्या लेण्यांत हरिषेण वाकाटकाचा सचिव वराहदेव याचा संस्कृत शिलालेख आहे. हरिषेण वत्सगुल्माचा, म्हणजे आपल्या वाशीमचा. आणि लेखाचें संपादन केलें नागपूरच्याच महामहोपाध्याय मिराशींनीं. झिजलेलीं अक्षरें तिरप्या उजेडांतच उठतात. तेथें भिंगापेक्षां वेळ सांभाळावी लागेल.

परंतु आमच्या हट्टाचें खरें कारण गणितांत नाहीं. मागें रामटेकास गेलों तेव्हां या मुलाच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या होत्या. आमच्या वहिनी, म्हणजे त्याची सख्खी आजी, गुडघ्यांनीं अधू. हात द्यावयास कोणी नाहीं म्हणून त्या अर्ध्या पायऱ्यांवर बसून राहिल्या. घरीं आल्यावर पाहतों तों मंदिराचीं साठ चित्रें, वहिनींचें एकही नाहीं. त्या कांहीं बोलल्या नाहींत. अजिंठ्यास डोली मिळते. पण लेण्याच्या आंत, त्या काळोखांत, उंबरठा ओलांडतांना हातच लागतो.

तूर्त पिशवींत कॅमेरा, ३५ चें भिंग, दोन बॅटऱ्या, एक जादा कार्ड व मऊ कापड एवढेंच आहे. लांब भिंग कोनाड्यांत ठेवविलें आहे. शनिवारपर्यंत तें तेथेंच राहील याची हमी मात्र आम्ही देत नाहीं, काल रात्रीं वहिनीच त्याला म्हणत होत्या, "घे रे, मी धरीन तुझी ती पिशवी."